दादाची पँट सैल झाली

४ ऑक्टोबर

दादा पायरीवर अडकला!

ट्रकची पायरी उंच. एक हात दांड्याला, एक पाय वर, आणि तिथेच थांबला. ना वर, ना खाली. शेवटी दोघा हमालांनी मागून खांदा लावला. तेही सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत. वहिनीने हे मला दारातच सांगितलं, पाठीवरची सॅकसुद्धा उतरवू दिली नाही. दादा आत बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, "आली का भटकभवानी? ये. वरात बघायची चुकली तुझी."

किती दिवसांनी बघतेय त्याला. मोठा तो आधीपासूनच होता, पण आता बसला की खुर्ची दिसत नाही. हसला की डोळे गालांत बुडतात. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना पाणी प्यायले.

कंपनीच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या ट्रकची किल्ली काढून घ्यायला लावली. झोपेत श्वास अडतो म्हणे त्याचा, म्हणून दिवसा डुलक्या. नाकाला लावून झोपायचं एक यंत्र दिलंय. वजन उतरवा, जानेवारीत या, पुन्हा तपासते, असं म्हणाल्या. तेव्हाही असंच निघालं तर रस्ता कायमचा बंद!

मी आपली चार दिवसांसाठी आलेय. पुढे बंदरावर काम ठरलंय, मासळीच्या शीतगृहात. समुद्र बघून फार दिवस झाले.

५ ऑक्टोबर

दोन खोल्या, दुसरा मजला. खिडकीशी वहिनीचं मशीन. ती नवीन कपडे शिवत नाही, लोकांचे दुरुस्त करते. चेन बदल, उंची कमी कर, कंबर मोकळी कर. सध्या कंबर मोकळी करायचीच कामं जास्त, म्हणाली. "अख्खं गाव फुगलंय. मी नुसती उसवत बसलेय."

खिडकीबाहेर पत्र्यावर एक कबुतर आहे, एका पायाचं. उभं राहतं मात्र ऐटीत. तासभर त्याच्याकडेच बघत होते. पडेल पडेल वाटतं, पडत नाही.

काय लिहीत होते? हां, दादा. दादाच्या भुकेला थांबे आहेत! आंघोळ करून आला की म्हणतो, "आता डिझेलपंप आला असता." म्हणजे अंडी-पाव. मग "घाट संपला असता", म्हणजे तळलेले बटाटे. मग टोलनाका: गोड चहा आणि क्रीमची बिस्किटं. माणूस घरात आणि पोट हमरस्त्यावर!

"अहो, गाडी बंद आहे ना? मग पोटाचं इंजिनही बंद करा की."

"तापलेलं इंजिन एकदम बंद करत नसतात. तुला काय कळतं गाडीतलं?"

९ ऑक्टोबर

बंदरावर फोन केला, आठवडाभर उशीर होईल म्हणून. वहिनी म्हणाली, यांना फिरायला ने, माझं मशीन सोडून मला हलता येत नाही. मी हो म्हटलं. मला कुठे नाही म्हणता येतं!

दादा चालत नाही, दादा पायी गाडी चालवतो. डावी बाजू सोडत नाही. वळायच्या आधी हात दाखवतो. समोर एक आजोबा काठी टेकत चालले होते, त्यांच्या मागे मागे राहिला. मी म्हटलं, "जा की पुढे." तर म्हणे, "समोरून येतंय कुणीतरी. लांबची गाडी घाई करत नाही." आजोबांनी मागे वळून पाहिलं. घाबरले असतील बिचारे.

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि दम लागला त्याला. भिंतीला टेकून उभा राहिला. मी भिंतीवरची एक जाहिरात वाचायचं नाटक केलं. चपलांची होती.

१० ऑक्टोबर

फिरणं नाही. "टायर गरम झालेत."

१७ ऑक्टोबर

मी गेलेच नाही बंदरावर. जाईन.

आज विचारलं त्याला. बटाटे सोलत बसलो होतो. (उकडायला, तळायला नाही. तेलाचा डबा वहिनीने शेजारणीकडे ठेवलाय.) म्हटलं, "दादा, एवढी भूक लागते कशी रे?"

"भूक कुठे लागते? सरळ रस्ता, एकट्याने चालवायचं, पुढे नुसता पांढरा पट्टा. जबडा हलत राहिला की डोळे मिटत नाहीत. म्हणून चिप्सचा मोठा पुडा घ्यायचा. पुडा संपला की पुढचा थांबा. आम्ही सगळेच तसं करतो."

म्हणजे जागं राहायला खातो. खाऊन खाऊन जाड होतो. जाड झाल्यामुळे झोप येते. झोप येते म्हणून खातो! मी त्याला म्हटलं, हे तर आपल्या शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखं झालं. तो इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली. मग बराच वेळ सालीकडेच बघत होता.

२६ ऑक्टोबर

टीव्हीवर एक कोटवाले गृहस्थ आले होते. सडपातळ, गळा लांब. वाढत्या लठ्ठपणावर बोलत होते. म्हणाले, शेवटी प्रत्येकाने काय खावं ही ज्याची त्याची जबाबदारी. समोर पाण्याचा ग्लास. त्याला त्यांनी हातही लावला नाही.

दादा टीव्हीशीच भांडायला लागला. "ये ना माझ्याबरोबर! अंधारात रस्त्यावर काय उघडं असतं ते बघ. सफरचंदाचं झाड असतं का तिथे? तळणाऱ्याची कढई असते!"

वहिनी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "कढईवाल्याने तुमच्या तोंडात कोंबलं का?"

"तुझं म्हणजे ना..."

"मी विचारलं फक्त."

मला दोघांचंही पटलं. हे माझं नेहमीचंच. शाळेतही बाई म्हणायच्या, तुला स्वतःचं मत म्हणून काही आहे का गं? नव्हतं. म्हणूनच शाळा सोडली की काय कोण जाणे. पण कढई रस्त्यावर आहे हेही खरं, आणि हात दादाचा आहे हेही खरं. आता यातलं कुठलं आधी धरायचं?

२ नोव्हेंबर

आज सकाळपासून जीव कुठेच लागत नाही. खाली एक ट्रक उलटा घेत होते, त्याचा टूं-टूं आवाज आला आणि मी धावत खिडकीशी गेले.

आई गेली तेव्हा मी लहान. दादा नुकताच गाडीवर लागलेला. मला कुणाकडे ठेवायचं हे ठरेना, म्हणून त्याने मला गाडीतच घातलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट. पाय खाली पोचायचे नाहीत. काचेपुढे कागदावर बटाटे, गरम, मीठ भुरभुरलेले, काच वाफेने धुरकट झालेली. दादा एक बटाटा त्याच्या तोंडात, एक माझ्या तोंडात. बाहेर कुठलंही गाव असो. मी खूप रडले होते ना त्या दिवसांत, म्हणून मीठ जास्तच खारट लागायचं. तसले बटाटे मी मग सगळीकडे खाऊन पाहिले. किती गावं झाली! बोटीवर राबले, हॉटेलात भांडी घासली, सर्कशीत तिकिटं फाडली. नाही मिळाली ती चव.

पायाला भिंगरी कुठे लागली असं विचारतात लोक. तिथे लागली. त्या सीटवर.

आणि तोच दादा आता खाली दुकानापर्यंत जाऊन धापा टाकतो. सडसडीत होता गं तो! दंडावर शिरा दिसायच्या. एका उडीत वर चढायचा आणि मला हात द्यायचा. तो दादा कुठे आहे, त्याला कुठे जाऊन शोधू?

११ नोव्हेंबर

पँट सैल झाली!!

दादा आंघोळ करून आला, पँट चढवली, बटण लावलं, आणि कंबरेत अख्खा पंजा घातला. "बघ! बघ गं भटके, हात जातो!" खोलीभर नाचला. खालच्यांनी छताला काठी ठोकली. वहिनी हसली. पण कशी हसली म्हणजे... नाही, हसली. मीच काहीतरी बघते.

आम्ही काटा घेतलेला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या घ्या, पण वहिनी म्हणाली, आकड्याचा धसका बसतो माणसाला, पँटच सांगेल. सांगितलं की पँटने!

दादा आज दुपारी टोलनाका विसरला. म्हणजे आठवला, पण काकडी खाल्ली. "काकडी म्हणजे पाणीच की. फक्त कुरकुरीत." किल्ली परत मिळाली की पहिली फेरी कुठली ते सांगत बसला. सगळे थांबे. कुठे रस्ता खराब, कुठे पहाटे धुकं बसतं, कुठे एक झाड आहे ज्याच्या खाली तो नेहमी तोंड धुतो. प्रेमात पडलेला माणूस बोलतो तसं.

१२ नोव्हेंबर

बंदरवाल्यांनी दुसरीला घेतलं. बरं झालं, थंडीने बोटं गेली असती. समुद्र काय, पळून जात नाही.

२० नोव्हेंबर

हे कसं लिहू?

माझ्या जाकिटाचं बटण तुटलं. वहिनी भाजी आणायला खाली गेली होती. तिच्या मशीनच्या खणात बटणं शोधत होते. खाली दादाची दुसरी पँट, राखाडी. मागची शिवण उसवलेली, अर्धी पुन्हा घातलेली. नवा दोरा.

उलटी करून बघितली. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात ना, शिवण सोडून दुसरीकडे घातली की? तशा रांगा. एकीच्या बाहेर एक, एकीच्या बाहेर एक. आणि सगळ्यांच्या बाहेर ही ताजी. शिवणीत कापड शिल्लक ठेवतात, त्याला वहिनी माया म्हणते. ती माया संपलेली, म्हणून आतून पट्टी जोडलेली. काय सफाई! बाहेरून कुणाला कळणार नाही.

पँट सैल झाली नव्हती. केली होती.

वहिनी वर आली. मी तशीच उभी, हातात पँट. तिने पिशवी खाली ठेवली. एक कांदा घरंगळत पलंगाखाली गेला. कुणीच उचलला नाही.

"कधीपासून, वहिनी?"

"लग्नानंतर लगेच. एकदा बटण लागेना यांना. इतके खजील झाले. पँट कोपऱ्यात फेकली, दिवसभर जेवले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत. ते आंघोळीला गेले तेव्हा थोडी उसवली आणि घातली परत. बटण लागलं. हसले. मग दर वेळी तेच. घट्ट व्हायच्या आधीच मी सोडायची. त्यांना कधी टोचलंच नाही गं काही."

"ते तेव्हाचं. पण आता? आता का? जानेवारीत काट्यावर उभं राहायचंय त्याला!"

टेप गळ्यात होती, तिचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"नाचले ना ते? मग. मला तेवढंच हवं होतं." आणि मग, अगदी हळू: "आणि नाही उतरलं वजन, तर राहतील घरी. लग्न झाल्यापासून मी यांची पाठच बघत आलेय. आता कुठे समोरून दिसायला लागलेत."

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण तिच्या शेजारी बसून कांदे निवडले.

२१ नोव्हेंबर

सॅक भरली. इथे माझं काय काम आहे? दादाला सांगावं तर वहिनी तुटते, न सांगावं तर दादाचा रस्ता जातो. मी कुठेही निघून गेले तर मला कुणी विचारणार नाही.

बसस्टँडवर गेले. तीन बसगाड्या सोडल्या. एकीची पाटी वाचली, एकीत खूप गर्दी, एकीचा ड्रायव्हर शिंकत होता. पार्सलच्या खिडकीपाशी मोठा काटा आहे, जमिनीला लागून, वर गोल तबकडी. लोकांची पोती, पेट्या, एक सायकल. काटा काय, कुणाचंही खरंच सांगतो. बघत राहिले. मग घरी आले.

दादा म्हणाला, "कुठे गेली होतीस सॅक घेऊन?" म्हटलं, धुवायला. सॅक धुवायला! आणि त्याने मानलं.

२२ नोव्हेंबर

फिरायला म्हणून नेलं त्याला बसस्टँडपर्यंत. आता तेवढा चालतो, हे खरंच आहे. वाटेत दोनदाच थांबला.

पार्सलवाल्याला म्हटलं, यांचं वजन करायचंय. तो दादाकडे बघून म्हणाला, "नाजूक माल का? शिक्का मारू?" दादा खो-खो हसला. खुशीत होता. बूट काढले, खिसे रिकामे केले, काट्यावर चढला, छाती काढून उभा राहिला. फोटो काढताना राहतात तसा.

पार्सलवाल्याने आकडा मोठ्याने वाचला. त्याची सवयच ती.

ऑक्टोबरात डॉक्टरबाईंनी मोजलेल्या आकड्यापेक्षा जास्त. थोडाच, पण जास्त.

दादा खाली उतरला. पुन्हा चढला. "काटा बरोबर आहे का?" पार्सलवाला म्हणाला, "साहेब, काटा सरकारी शिक्क्याचा आहे." दादाने कंबरेत पंजा घातला. जात होता. मग त्याने कडेलाच उभं राहून पँटचा काठ उलटा केला आणि बघितलं.

"दोरा नवा आहे," म्हणाला.

बाकड्यावर बसलो आम्ही. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. मी म्हटलं, "दादा, वहिनीने..."

"आधीचं माहीत होतं मला. रिकामी गाडी आम्ही काट्यावर लावतो ना, माल भरायच्या आधी? गाडी तीच, आत मी एकटा, आणि वजन दर साली जरा जास्त. गाडी कशाला जाड होईल? आणि पँट मात्र कधी घट्ट नाही! मी काय येडा आहे? पण म्हटलं, ती करते, करू दे. मलाही बरंच होतं ते." बूट घालत होता, वाकता येत नव्हतं, मी नाडी बांधली. "पण ह्या वेळचं नव्हतं माहीत. ह्या वेळी मला खरंच वाटलं गं."

मला रडू आलं. म्हटलं, "चूक तिची आहे."

"पँट तिने सैल केली. घास माझ्या हाताने गेला." मग उठला. "काकडीबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात क्रीमची बिस्किटं पण खात होतो मी. पँट सैल होतेय ना, मग काय हरकत, म्हणून."

घरी येताना वळणावर हात दाखवला नाही त्याने.

मी त्याला सांगितलं नाही, सरळ काट्यावर उभं केलं. सांगणं जास्त वाईट झालं असतं की हे?

२३ नोव्हेंबर

काल उरलेलं लिहायचं राहिलं. मीच टाळलं.

दादा घरी आला, पँट बदलली, आणि ती घडी करून वहिनीच्या मशीनवर ठेवली. ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ही माझ्या मापाची कर."

"कुठल्या मापाची?" वहिनीने गळ्यातली टेप काढली.

"आजच्या. आहे ते. मोठ्याने वाच."

अख्ख्या गावाची मापं घेते ती, आणि नवऱ्याचं तिने कधी घेतलंच नव्हतं! डोळ्यांनी अंदाज घ्यायची. दादा हात वर करून उभा राहिला. तिने टेप फिरवायला दोन्ही हात त्याच्याभोवती नेले, आणि हात पाठीमागे पोचेनात. गाल त्याच्या पोटाला टेकला तेव्हा कुठे पोचले. टेप पुरली. तिने आकडा वाचला. पुन्हा वाचला. गाल मात्र काढलाच नाही तिथून.

"मला तुम्ही घरी हवे होता," म्हणाली.

"मलाही हवं होतं. पण असं पायरीवर अडकून नाही."

मी जिन्यात जाऊन बसले. जिन्यात कुणीतरी सायकलचा पंप ठेवलाय. उगाच हवा मारत बसले, कशातच नाही.

९ डिसेंबर

काटा आणला. वहिनीनेच. न्हाणीघराच्या दाराशी ठेवलाय, आता रोज सकाळी त्या काट्याचं तोंड बघावं लागतं.

दादा स्वतः रांधतो. कुणी वाढलेलं खाणार नाही, म्हणतो, माझं ताट मीच भरीन, मग बोल लावायला कुणी उरत नाही. भाज्या चिरतो म्हणजे खोकी भरायला घेतल्यासारखा, सगळे तुकडे एका मापाचे. पहिल्या दिवशी भात करपला. आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्ला. "घाटातली चव आलीय," मी म्हटलं. मारायला धावला. धावला! चार पावलं, पण धावला.

टोलनाक्याच्या वेळेला नुसता बसतो. जबडा आपोआप हलतो, तोंडात काही नसताना. मला बघवत नाही. मी खिडकीकडे बघते. कबुतर आलं नाही आज.

१६ डिसेंबर

काल खाल्लं त्याने. अख्खा पुडा. स्वतःच सांगितलं, सकाळी, काट्यावर चढायच्या आधी. मग चढला. वहिनी म्हणाली, "होतं हो असं." तो म्हणाला, "होत नाही. मी केलं." आणि जाकीट चढवून एकटाच फिरायला गेला. पाऊण तास आला नाही. आमच्या दोघींचा जीव टांगणीला.

३० डिसेंबर

डोंगरात एका चहाच्या मळ्यावर माणसं हवी आहेत असं कळलं. जावंसं वाटलं. ते वाटणं गेलं नाही, पण मीही गेले नाही.

लोक चालत्या बसमधून मागे पडणाऱ्या गावाकडे बघतात. मला थांबलेली असताना पुढच्या गावाची आठवण येते. जिथे अजून गेलेच नाही त्याची आठवण! हे कुणाला सांगायची सोय नाही.

८ जानेवारी

मिळाली! किल्ली मिळाली!

वजन फार नाही उतरलं, पण उतरलं. खरं उतरलं. यंत्र लावून झोपतो तर श्वासही बरा चालतो. डॉक्टरबाईंनी कागद फिरवून फिरवून पाहिले. म्हणाल्या, फक्त दिवसाची फेरी, जवळची, आणि डोळा जड झाला की गाडी बाजूला. "सही माझी आहे, जबाबदारी तुमची." एरवी दादा काहीतरी फटकन बोलला असता. हा म्हणाला, "हो, बाई."

वहिनीने त्याच्या गणवेशाला इस्त्री केली. कॉलरला दोनदा. तोंड अगदी हसतं. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "काय बघतेस? धूर गेला डोळ्यात." विजेच्या इस्त्रीचा धूर!

११ जानेवारी

गेला. पायरीवर एका दमात चढला. डब्यात उकडलेली अंडी, पाव, काकडी. मी इंजिनाचा आवाज रस्ता संपेपर्यंत ऐकला. वाईट वाटलं. त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठीच, खरं सांगायचं तर.

१२ जानेवारी

आला. काल अंधार पडायच्या आत. हातपाय धुतले आणि पिशवीतून चिप्सचा भला मोठा पुडा काढून टेबलावर ठेवला.

वहिनीचा चेहरा उतरला. "अहो..."

"फोडलेला नाही. बघ."

खरंच नव्हता. पण सगळा चुरगळलेला.

"पंपावर पाय आपोआप वळले. घेतला, शेजारच्या सीटवर ठेवला. म्हटलं, नुसता असू दे, फोडायचा नाही. सगळा रस्ता त्याच्याशीच बोलत आलो. काय बोललो विचारू नका. दोनदा हात गेला. दोनदा गाडी बाजूला घेतली." हसायचा प्रयत्न केला त्याने. "झोप नाही आली गं. झोपेचं नाहीच ते. त्या सीटवर कुणी नसतं ना, मग पुडा बसतो. आज नाही फोडला. दर वेळी नाही फोडणार, असं मला छातीठोक सांगता येत नाही. तसं असेल तर किल्ली देऊन टाकतो. उद्याच."

आणि मग मीच! माझ्या तोंडून निघून गेलं. "मी येते ना! मी बसते त्या सीटवर. पुड्यापेक्षा जास्त बडबड करीन!"

दादाचे डोळे असे उजळले. "येशील? सुपरवायझरला सांगतो, हमालाच्या जागी नाव घालतो. मंगळवारची फेरी आहे."

"येईन म्हणजे काय!"

वहिनी उठून भांडी लावायला लागली. सगळी आधीच लावलेली होती.

१४ जानेवारी

सॅक भरून झाली. किती दिवसांनी अशी भरली, कुणापासून पळायला नाही तर कुणाबरोबर निघायला! जाकीट, मोजे, टोपी. पुन्हा काढून पुन्हा भरली. उद्या माझे पाय खाली पोचतील. काचेवर वाफ येईल. दादा गाणं म्हणेल, बेसूर, आणि मी त्याला चिडवीन. मला बाकी काही नको आहे या जगाकडून. नक्की.

रात्रीचं जेवण झालं तेव्हा वहिनी म्हणाली, "त्यांना अवघड वळणावर पाणी नको देऊस, ठसका लागतो." मी म्हटलं, तुला कसं माहीत, तू कधी गेलीस गाडीतून?

"नाही गेले," म्हणाली. "कुणी विचारलंच नाही कधी."

१५ जानेवारी

डबा आधी वहिनीच्या मांडीवर दिला. मग तिची पिशवी. मग पाण्याची बाटली. ती वर बसून दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून होती, गाडी अजून सुरूही नव्हती झाली. दादा एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मी म्हटलं, बघतोस काय, निघ.

ट्रकचं दार जड असतं. जोरात ढकलावं लागतं, नाहीतर नीट बसत नाही. मी बाहेरून लावलं.